सातवा नमुना

सातव्या नमुन्याची ओळ तिनं तिसऱ्यांदा ताडून पाहिली. तिसऱ्यांदाही ती साथीच्या साखळीत सगळ्यांच्या आधीच जाऊन बसली.

जंतू माणसामागून माणसात जातो तसतशा त्याच्या जनुकीय अक्षरांत एखाददुसऱ्या चुका साठत जातात. त्या मोजल्या की कोण कुणाकडून आलं ते कळतं. परदेशातल्या एका रुग्णालयानं कळवलेला जंतू आणि इथल्या वॉर्डातल्या सहा रुग्णांचे जंतू, यांत दोन, तीन, पाच अक्षरांचा फरक होता. सहातले तिघं गेले होते. एकही औषध लागू पडलं नव्हतं. सातव्यात फरक शून्य.

सातवा नमुना तिच्या आईचा होता.

भावाकडे परदेशी गेलेल्या आईचा पाय मोडला, ऑपरेशन त्याच रुग्णालयात झालं आणि परतल्यावर जखमेसाठी ती दहा दिवस या वॉर्डात होती. साथीची कुणकुण लागताच, आईला घरी सोडायच्या दिवशी, लेकीनं भांडून तिचा नमुना घ्यायला लावला. शेवटी घेतला म्हणून नंबर सातवा. सातवा म्हणून जो तो धरून चालला की आईला हे वॉर्डातूनच मिळालं. लेक तर रोज हेच काम करणारी, पण तीही धरून चालली. त्याच तिरमिरीत तिनं वॉर्डातल्या सिस्टरविरुद्ध निष्काळजीपणाची दीड पान तक्रार खरडली. सिस्टर गेले दोन महिने निलंबित होती.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी पाठीमागून पडद्याकडे पाहिलं. एरवी चहा गार झाला तरी ओरडणारा माणूस आज हळू बोलला.

“नमुना खराब निघाला म्हणून बाद धरता येईल.”

“आणि सिस्टर?”

“दुसरीकडे लागेल कुठंतरी. अहवाल उद्या पाठवायचाय. बघा तुम्ही.”

तिनं सातव्यासमोर ‘बाद’ची खूण केली आणि लॅपटॉप घेऊन घरी आली.

आई काठी टेकून ओट्याशी उभी होती. ठणठणीत; जंतू अंगात असून आजार तिला शिवलाही नव्हता. चमचाभर आमटी तिनं लेकीपुढं धरली.

“मीठ बघ गं. आणि माझ्या शेजारच्या कॉटवरची ती बरी झाली का? विचारीन विचारीन म्हणते.”

“गेली ती, आई.”

चमचा तसाच हवेत राहिला.

“अगं, मीच भरवायची तिला. हात थरथरायचे ना तिचे. एक घास तिला, एक मला. तुमची ती सिस्टर केवढी खेकसायची! ‘आजी, चमचा वेगळा घ्या, हात धुवा.’ दहा वेळा म्हणाली असेल. सगळ्यांदेखत पाणउतारा करते म्हणूनच तर तुला म्हटलं, लिही तिच्याविरुद्ध.”

“एवढंच सांगितलं होतंस, की ती उद्धट आहे.”

“होतीच उद्धट.” आईनं चमच्याकडे पाहिलं. मग लेकीच्या तोंडाकडे, जरा जास्तच वेळ. “त्या जंतूचं काही कळलं का गं तुमच्याकडे?”

लेकीनं बॅगेतून लॅपटॉप काढला.

आईनं नळ सोडला. चमचा धुतला, साबण लावून पुन्हा धुतला, आणि पाणी वाहतच राहिलं.

लेकीनं टेबलावर लॅपटॉप उघडला. सातव्यासमोरची खूण काढली आणि अहवाल पाठवून दिला. मग तक्रार मागे घ्यायला नवा कागद घेतला आणि त्यावर सिस्टरचं नाव घातलं. या वेळी दीड पान भरेना.