उत्तर काठाला न दिसणारा सामना

हार्लन स्टिडमच्या अंगणातून दगड भिरकावला तर तो ओहायो नदीत पडे. कॉलेजांचे अमेरिकन फुटबॉलचे सामने दाखवणारं चॅनेल त्या नदीच्या दक्षिण काठाशी येऊन थांबे. उत्तर काठावर, म्हणजे हार्लनकडे, दर शनिवारी टीव्हीवर एकच पाटी झळके: ‘हा कार्यक्रम आपल्या विभागात उपलब्ध नाही.’ दक्षिणेकडची पोरं एकमेकांची हाडं मोडताना पाहण्यात उत्तरेकडच्यांना रस नसणार, असं कंपनीने ठरवून टाकलं होतं. हार्लनला तिने विचारलं नव्हतं.

आज त्याचा मुलगा टेडी पहिल्यांदाच सुरुवातीपासून मैदानात उतरणार होता. गुडघा दोनदा कापून शिवलेला, वर्षभर कुबड्या, आणि आता पाठीवर चव्वेचाळीस नंबर. मैदान फार लांब होतं आणि हार्लनचा ट्रक फार म्हातारा.

म्हणून सकाळी त्याने एक उद्योग केला. नदीपलीकडच्या मेव्हण्याचा, ड्वाइटचा पासवर्ड बायकोला ठाऊक होता. तो टीव्हीत घातला. टीव्हीने अदबीने विचारलं, ‘हे आपलं नवं घर आहे का?’ हार्लनने ‘हो’ दाबलं. पुन्हा तीच पाटी आली. त्याने टीव्ही बंद केला आणि ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नाही असं ठरवलं.

आता ड्वाइटच्या घरी जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मागच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला ड्वाइटने भाजलेल्या टर्की कोंबड्याच्या तंगडीने त्याचा दात पाडला होता. नंतर दोघांनीही दोष टर्कीला दिला होता. त्यात आज टेडीचा सामना होता नेमका ड्वाइटच्या लाडक्या टीमशी.

“या दाजी!” ड्वाइट दारातच म्हणाला. अंगात ऑगस्टपासून न धुतलेली जर्सी. धुतली की टीम हरते. “आमची पोरं आज तुमच्या टेडीला जमिनीत पेरणार आहेत. पुढे बसा, नीट दिसेल.”

“दोघंही तोंडं आवरा,” लर्लीन म्हणाली. ती एकाची बहीण आणि दुसऱ्याची बायको होती, त्यामुळे तिचं कुणीच ऐकत नसे.

टीव्हीसमोर ड्वाइटच्या मेलेल्या बापाची आरामखुर्ची होती. सामना चालू असताना तिच्यात फक्त ड्वाइट बसे. दुसरं कुणी टेकलं तर काय होतं, हे त्या घरात कुणी तपासून पाहिलं नव्हतं. मध्येच ड्वाइट स्वयंपाकघरात सॉस लावून भाजलेल्या डुकराच्या बरगड्या आणायला गेला. हार्लनची कंबर दुखत होती. तो टेकला.

त्याच क्षणी टेडीने चेंडू घेऊन पळणाऱ्याला असा धडकून आडवा केला की चेंडू एकीकडे, हेल्मेट दुसरीकडे.

बरगड्यांचं ताट हार्लनच्या कानशिलावर आलं.

“बाबांच्या खुर्चीत? माझ्या घरात?”

“तुझा बाप मेला तेव्हाही तुमची टीम हरतच होती!”

हे बोलायला नको होतं. ड्वाइटने त्याला खुर्चीसकट उलटं केलं. हार्लनने पडल्या पडल्या त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली, मग नाकावर डोकं. नाक कडकन वाजलं. सॉस कुठला आणि रक्त कुठलं, हे गालिच्यालाही सांगता आलं नसतं. अखेर ड्वाइट त्याच्या पाठीवर बसला आणि त्याचं तोंड त्याने जमिनीवर दाबलं. सुदैवाने टीव्हीच्या बाजूला.

म्हणून हार्लनला सगळं दिसलं. दोन आडदांड पोरं टेडीवर दोन बाजूंनी आदळली. टेडी पडला आणि हलेना.

ड्वाइटचा हात सैल पडला. “ऊठ रे,” तो टीव्हीला म्हणाला. “ऊठ, बाळा.”

टीव्ही काळा झाला. पाटी आली: ‘आपण आपलं घर नदीच्या उत्तरेला हलवलं आहे. हे चॅनेल आपल्या विभागात उपलब्ध नाही.’

“घर कुणी हलवलं?” ड्वाइटने विचारलं.

“मी,” हार्लन गालिच्यातून म्हणाला. “सकाळी.”

ड्वाइटने त्याला एक ठोसा दिला, पण उरकल्यासारखा. “ट्रकमध्ये रेडिओ आहे ना? चला!”

रेडिओला नदी माहीत नव्हती. दोघं ट्रकमध्ये बसले, ड्वाइटच्या नाकावर गोठलेल्या मटाराची पिशवी. निवेदक फार हळू बोलत होता. डॉक्टर धावले. स्ट्रेचर आलं. हार्लनने स्टिअरिंग इतकं आवळलं होतं की मारामारीत फुटलेल्या बोटांतून रक्त गळत होतं. मग निवेदक म्हणाला, “चव्वेचाळीस नंबर उठलाय! हात हलवतोय! बाहेर जायला तयार नाही!”

ड्वाइटने घाणेरड्या जर्सीने डोळे पुसले. “मामावर गेलाय.”

पुढच्याच चालीत टेडीने ड्वाइटच्या टीमच्या कर्णधाराला असं गाडलं की स्ट्रेचर अर्ध्या वाटेतून परत बोलवावं लागलं.

गप्प बसण्यात शहाणपण आहे हे हार्लनला कळत होतं. तरी त्याने दोन्ही तळहात हॉर्नवर ठेवले आणि ते काढलेच नाहीत.

ट्रक उभ्या जागी गदागदा हलू लागला तसं लर्लीनने खिडकीतून पाहिलं आणि फ्रीझरमधून मटाराची दुसरी पिशवी बाहेर काढून ठेवली.