वर कोणी नाही

अमरदीपची नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण बसायचा तो गावाकडं इंझोरीला, घरच्या टिनाच्या छपराच्या खोलीत. पाठीमागं कोरी चादर टांगलेली. साहेबाला भिंतीवरचे पोपडे दिसू नयेत म्हणून. काम मात्र भारी हं! कंपनीनं प्रोग्रामिंगची एक भाषा बनवली होती. तिच्यातले प्रोग्राम ज्याच्या जिवावर धावतात तो रनटाइम, आणि त्या रनटाइममधला प्रोफाइलर अमरदीपच्या गळ्यात. हा प्रोफाइलर धावत्या प्रोग्रामला क्षणाक्षणाला अडवून विचारायचा, 'तू कोण, तुला कोणी बोलावलं, आणि त्याला कोणी?' असं विचारत वर वर चढायचा. वेळ कुठं खर्च होतो, ते त्यावरून कळायचं.

तोच प्रोफाइलर सोमवारपासून कोसळत होता. रोज, बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी.

सोमवारी व्हिडिओ कॉलवर मयंकसाहेब बोलत असताना अमरदीपची माय, भुरीबाई, चहा घेऊन आत आली. नुकतीच निंदणावरून आलेली, पायाला माती तशीच. साहेबानं विचारलं, "ये कौन?" आणि अमरदीप अगदी सहज बोलून गेला, "कामवाली है, सर." भुरीबाईला हिंदी चांगलं कळायचं, ऊसतोडीला मुलूखभर फिरलेली बाई ती. तिनं चहा ठेवला, पदर पुढं ओढला, "रामराम साहेब" म्हणाली आणि खरंच कामवालीसारखी गुपचूप बाहेर गेली. घड्याळात चार वाजून दहा झाले होते.

त्या दिवसापासून तिनं खोलीत पाऊल टाकलं नाही. कप उंबऱ्यावर ठेवायची, कडी वाजवायची, निघून जायची. अमरदीपला जेवण जाईना. आरशासमोर दाढी करताना त्याला स्वतःचं तोंड बघवेना. पाय धरून माफी मागायची होती हो त्याला! पण हे एवढं कोसळण्याचं निस्तरू दे, मग बोलू, असं म्हणत शुक्रवार उजाडला.

शुक्रवारी दुपारी चूक सापडली. प्रोफाइलर एका जागेवरून वरच्याकडं, म्हणजे तिला बोलावणाऱ्याकडं, चढायचा. वरच्याचा पत्ता लिहिलेला असायचा, पण तिथं गेलं की कोणीच नसायचं, आणि त्या रिकाम्या जागेवर पाय पडताच सगळं कोसळायचं. तिथलं पुसलं कोणी? अमरदीपनं सगळा कोड पालथा घातला. पुसणारं कोणी नव्हतं.

साहेबाचा तगादा सुरूच होता. अखेर अमरदीपनं कोडच्या दोन ओळी लिहिल्या. वरचा सापडला नाही तर शोधू नये. हा आपला आपणच सुरू झाला, याच्यावर कोणी नाही, असं धरून पुढं जावं. बटणावर बोट जरा अडखळलं. मग त्यानं ते दाबलं.

चार वाजून दहा झाले. काही कोसळलं नाही. "शाबास!" साहेबाचा निरोप आला.

कडी वाजली. आता बोलायचंच, म्हणून अमरदीपनं धावत दार उघडलं. उंबऱ्यावर कप होता, वाफ निघत होती. माय नव्हती. अंगणात बाप, अमरसिंग, बाजेवर बसून फवारणीच्या पंपाचं नोझल साफ करत होता.

"बा, माय कुठी गेली?"

"कोनाची माय?"

"माही माय, बा! आत्ता चहा ठेवला ना तिनं."

अमरसिंगनं मान वर केली. चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "ते कामवाली म्हन्तं काय? ते गेली ना आताच."

अमरदीप तसाच आत पळाला, त्या दोन ओळी खोडल्या, प्रोग्राम पुन्हा चालवला आणि देवाला हात जोडले, कोसळू दे, एकदा तरी कोसळू दे. प्रोग्राम सुरळीत चालला. प्रोफाइलर त्याच जागेवर आला आणि थांबला. वर चढायला आता पत्तासुद्धा लिहिलेला नव्हता.

बाहेरून बापाचा आवाज आला.

"च्या थंडा होऊन राह्यला ना रे. पेऊन घे. गुनाची बाई हाय ते... पोरावानी जीव लावते तुले."