पोट उतरवलेली खुकुरी

तेरावा घाव घातला तरी खुकुरी लाकडात बोटभरही शिरली नाही. फुलसरीचे तळहात सोलून निघाले होते. उत्तीसच्या झाडाचा ओंडका मांडीएवढा जाड. एक टोक खचलेल्या दरडीत रुतलेलं, दुसरं दोन धोंड्यांत अडकलेलं, आणि त्याच्याखाली नडगीशी दबलेला तिच्या नवऱ्याचा, गजवीरचा, उजवा पाय. लोहारभट्टीच्या कोळशासाठी लाकूड गोळा करायला दोघं सकाळी ओढ्यात उतरली होती. वर डोंगरात कुठेतरी पाऊस कोसळला, काठ सुटला आणि झाड गजवीरच्या अंगावर आलं. पाय वर काठावर अडकला आणि धड खाली ओढ्यात. पाणी चढत होतं. तो कोपरांवर रेटून कसाबसा मान वर धरून होता.

"मारतेयस की कुरवाळतेयस?" तो ओरडला.

"तुमच्याच हातची आहे ना? मग तिलाच विचारा! उसळते नुसती!"

पातं होतं मात्र देखणं. पंधरा इंच लांब, गवताच्या पात्यासारखं निमुळतं. काठमांडूच्या दुकानदाराला अशीच सिरुपाते घडण हवी होती, भिंतीवर टांगायला. गजवीरच्या बापाची भोजपुरे घडण वेगळी होती. आखूड, पाठीला जाड, पुढे चांगलं पोट सुटलेली. हात उचलायचा आणि सोडून द्यायचा, बाकीचं ते पोटच बघायचं. ह्या लांबुडकीला पुढे वजनच नव्हतं. वीस वर्षं भाता ओढणाऱ्या फुलसरीने हे बोलून दाखवलं होतं. "तू भाता ओढ, पातं मी बघतो," असं तेव्हा तिला ऐकून घ्यावं लागलं होतं. बापाची खुकुरी घरी खुंटीला होती. घर दोन तासांच्या चढावर होतं. पाणी एवढं थांबणार नव्हतं.

तिने पहारीसारखी फांदी घालून ओंडका उचलून पाहिला. फांदी मोडली. मग ती जीव खाऊन ओरडली.

वरच्या वाटेने बैल नेणारे धनलाल राई धावत उतरले. "बहिनी, बाजूला हो! माझी खुकुरी तुझ्या सासऱ्याच्या हातची आहे!"

फुलसरीच्या जिवात जीव आला. सासऱ्याने घडवलेली ती खुकुरी तिला ठाऊक होती, पोटाजवळ चार बोटं रुंद. धनलालनी ती म्यानातून उपसली, आणि फुलसरीला ते पोट दिसलंच नाही. गेल्या फागुनात मुलीच्या लग्नात मिरवायला म्हणून धनलाल तीच खुकुरी भट्टीवर घेऊन आले होते. पलटणीतल्या जावयाच्या खुकुरीसारखी सडपातळ करून दे म्हणाले होते. गजवीरने पोट घासून घासून उतरवलं होतं, आणि साण फिरवली होती फुलसरीने. स्वतःच्या हातांनी.

धनलालनी नेट लावून आठ घाव घातले. सालीचे कपटे उडाले, एवढंच. नववा धोंड्यावर बसला आणि धारेचा तुकडा पडला.

"दाजू," गजवीर म्हणाला. पाणी त्याच्या हनुवटीला लागलं होतं. "राहू द्या. इकडे या, माझं डोकं धरा."

धनलालनी पाण्यात बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तरी लाट आली की पाणी त्याच्या नाकावरून जायचं.

"फुलसरी, लाकूड सोड."

"गप्प बसा. मी तोडते."

"नाही तुटणार. मी केलीय, मला माहितीये." तो खोकला. "दसैंच्या सणाला बोकडाची तंगडी कशी मोकळी करतेस? हाडावर मारतेस का?"

तिला कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. "नाही हो," ती रडतच म्हणाली. "हे नाही होणार माझ्याने."

"सांध्यात घाल. पातळ आहे, लांब आहे. त्याला चालेल ती."

"दाजू, तुम्ही करा!"

धनलालनी मान खाली घातली. "मी डोकं सोडलं की तो बुडेल, बहिनी."

पुढची लाट गजवीरच्या तोंडावरून गेली आणि तो गुदमरला. फुलसरीने कमरेचा पटुका सोडला, त्याच्या मांडीला करकचून आवळला, दातांनी गाठ ओढली. गुडघ्याच्या वाटीखाली अंगठ्याने चाचपलं. खाच सापडली.

"डोळे मिटा," ती म्हणाली.

सकाळपासून पहिल्यांदाच ती खुकुरी उसळली नाही.