वरचा नळ

तपासनीसाने ओल मोजायचं यंत्र भिंतीला टेकवलं, आकडा पाहिला आणि ‘ठीक’ अशी मान हलवली. घर विकायला काढलेल्या धाकट्या भावाने अडवून धरलेला श्वास सोडला. घर घ्यायला आलेलं जोडपं दारात उभं होतं. पलंग कुठे येईल, पाळणा कुठे बसेल, ते त्यातली बायको डोळ्यांनीच मांडत होती.

थोरली बहीण खिडकीशी उभी राहून छताचा कोरा रंग न्याहाळत होती. घरातलं मोठं माणूस समोर असलं की घेणाऱ्याला भरवसा वाटतो, म्हणून धाकट्याने तिला मुद्दाम बोलावलं होतं. आई गेल्यावर ‘घर विकायचं नाही, तुझं माहेर कायम राहील’ असं गोड बोलून त्याने तिची हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. त्यानंतर या घराचं बोलावणं आलं ते थेट आज.

“ताईंची काही हरकत नाही ना?” घेणाऱ्याने विचारलं.

“माझी कसली हरकत? सही करून मी कधीच मोकळी झालेय. विचारा की त्याला.”

धाकटा हसला, ओठांपुरता.

“आता सगळे नळ सोडून बघू,” तपासनीस म्हणाला. “वरच्या न्हाणीघरातलाही.”

“वर पाणी नाही, साहेब. व्हॉल्व्ह गंजलाय. वापरतच नाही आम्ही.”

“गंजलाय कुठला! रुसतो जरा,” थोरली म्हणाली. “आत दाबून फिरवला की येतो वळणावर. मीच सोडते.”

“तू कशाला चढतेस? गुडघे दुखतात ना तुझे?”

“आज नाही दुखत.”

व्हॉल्व्ह कुरकुरला आणि फिरला. नळ खोकला, तांबूस पाणी ओकला, मग स्वच्छ वाहू लागला. आताही ती नुसती गप्प राहिली असती, तर खालच्या छताच्या नव्या रंगाने पाहुणे जाईपर्यंत पाणी धरलं असतं. धाकट्याची सगळी भिस्त आता त्यावरच होती.

वर नळ सुटला की खालच्या खोलीत गळायचं. वडिलांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. आंघोळीला जाणाऱ्याने आधी हाक द्यायची आणि खालच्याने बादली ठेवून ओ द्यायची, एवढंच ठरवून टाकलं. भावंडांचं सगळं लहानपण त्यात गेलं होतं.

थोरली जिन्याच्या कठड्यावरून वाकली आणि त्याच जुन्या सुरात ओरडली, “बादलीऽऽ!”

“ठेवली गं, ताई!” खालून तत्क्षणी आलं.



“कसली बादली?” तपासनीसाने विचारलं.

खाली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तपासनीसाने छतावर टकटक केली. आवाज पोकळ होता, गिलावा सुटल्यासारखा.

“अहो, इथेच पाळणा बांधणार होतो आपण,” घेणाऱ्याची बायको हळूच म्हणाली.

धाकटा दचकेल, फसेल, तोंडावर पडेल, याचा सगळा हिशेब थोरलीने केला होता. ‘ताई’ मात्र त्यात धरली नव्हती. सही झाल्यापासून तो फोनवरही नुसतं ‘ऐक’ म्हणायचा. तिचा हात आपसूक नळाकडे गेला. धार बारीक झाली.

“तिचं काय मनावर घेता?” खाली धाकटा सांगत होता. “वय झालंय. भ्रमिष्टासारखं काहीही ओरडते.”

थोरलीने नळ पुन्हा उघडला, पार शेवटच्या आट्यापर्यंत.