दोन उजव्या बाह्या

कोट कापण्यात मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण मूत्रपिंडं थकली, डायलिसिस मागे लागलं, आणि धाकट्या भावाने डाव साधला. मास्तर दवाखान्यात असताना त्याने कापायचं टेबल दुकानाच्या वरच्या मजल्यावर चढवलं.

"दादा, वर उजेड छान येतो. तुला जिना काही झेपायचा नाही. तू आता आराम कर."

इतक्या गोड आवाजात, की मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला कात्री धरायला शिकवलं, त्यानेच केसाने गळा कापावा!

दवाखान्यात डायलिसिस चालू असतानाच पलंगाच्या पायथ्याशी सायकलचे पेडल लावून देत. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी नियम सांगितला, "काका, पाय चालवताना बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली, तर वेग कमी करा."

बोलायला विषय तयारच होता. मास्तर पेडल मारत भावाचा उद्धार करत. बाई हसू दाबून म्हणत, "शिव्या सलग येताहेत, म्हणजे वेग बरोबर आहे."

पुढे घरीही चालणं सुरू झालं. रात्री झोप लागू लागली, अंगात उभारी आली. राग मात्र तसूभरही उतरला नाही, तो त्यांनी जिवापाड जपला.

एका सकाळी ते सावकाश जिना चढून वर गेले. भाऊ टेबलाशी डोकं धरून बसला होता. भारी कापड, त्याला उलट-सुलट बाजू, आणि पठ्ठ्याने दोन्ही थर सुलटेच ठेवून बाह्या कापलेल्या. दोन्ही उजव्या!

"दादा, गिऱ्हाईक संध्याकाळी येणार. वाचव रे."

मास्तरांनी उरलेला तुकडा वितीने मापला. एक बाही निघत होती. त्यांनी तुकडा घडी करून काखोटीला मारला.

"आधी टेबल खाली ने. होतं तिथे."

"पण तुला तर आता चढता येतं!"

"येतं. म्हणून तर तोंडावर सांगायला आलो."

भावाने कारागिरांच्या मदतीने, घामाघूम होत, टेबल खाली उतरवलं. मास्तर कठड्याला टेकून बघत राहिले. त्यांना अगदी गार वाटलं.

डावी बाही कापून झाली. जास्तीची उजवी भावाने गुपचूप चिंध्यांत कोंबली. मास्तरांनी ती उपसून काढली, कडक इस्त्री केली आणि दुकानाच्या दर्शनी खिळ्याला टांगली.

"दादा, काढ ना ती. गिऱ्हाईकं विचारतील."

"विचारू देत की," मास्तर म्हणाले. "मी सांगेन."