पांढरा परकर

केळीचा चीक कपड्यावर पडला की तो डाग कायमचा. यावल तालुक्यात कोणत्याही घरी विचारा, हेच उत्तर मिळेल. म्हणून बागेत कामाला जाणारी बाई चांगली साडी नेसत नाही. जुनं पातळ, वरून नवऱ्याचा विटलेला शर्ट, डोक्याला फडकं आणि या सगळ्यावर तपकिरी-काळ्या डागांची नक्षी!

द्रौपदाबाई तायडे यांना या डागांचा अभिमान होता. केळीच्या खोडाभोवती फुटलेली पिलं विळ्यानं कापायची, वाळलेली पानं उतरवायची, काढणीच्या दिवसांत फण्या धुऊन खोक्यांत भरायच्या. ही सगळी कामं करणारी बायांची टोळी त्यांच्या हाताखाली होती. विळा त्यांच्याइतका चपळ कुणाचा चालत नसे. पानावर करपा रोगाचा पहिला ठिपका मालकाच्याही आधी त्यांना दिसे. "माह्या अंगावरचे डाग पाहा," त्या म्हणत, "याच डागांवर राजदीप शिकला."

तो राजदीप आता वरणगावच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याची बायको समीक्षा धुळ्याची, रसायनशास्त्रात बीएस्सी झालेली, यावलच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. सासू-सुनेचं छान जमायचं. फक्त एका गोष्टीवरून दर रविवारी कुरबूर व्हायची. द्रौपदाबाई आपले कामाचे कपडे सुनेला धुऊ देत नसत. स्वतः धुवायच्या आणि घरामागे, कुणाला दिसणार नाहीत असे, जुन्या गोणपाटाखाली वाळत घालायच्या.

"हात लावू नको, माय. तुहे हात काळे व्हतीन," एवढंच कारण सांगायच्या.

एका रविवारी द्रौपदाबाई शेजारच्या गावी हळदीला गेल्या. समीक्षाच्या डोक्यात बरेच दिवस एक प्रश्न घोळत होता. कापलेलं वांगं हवेत काळं पडतं, तसाच चीकही हवा लागून काळा होतो आणि सुताच्या धाग्याला घट्ट चिकटतो. मग लिंबाच्या रसानं तो सुटेल का? सोड्यानं? रॉकेलनं? तिनं बादल्या मांडल्या. एकीत पातळ, दुसरीत शर्ट, तिसरीत फडकं. तुलनेसाठी एक वस्तू नुसत्या पाण्यात ठेवायची, ही कॉलेजच्या प्रयोगशाळेतली सवय. म्हणून सासूचा गडद चॉकलेटी परकर तिनं साध्या गार पाण्यात बुडवला.

तासाभरानं ती आली. लिंबू हरलं होतं. सोडा हरला होता. रॉकेलनं नुसता वास केला होता. पण ज्या बादलीत काहीच घातलं नव्हतं, तिचं पाणी विटकरी लाल झालं होतं!

समीक्षानं परकर उलटा केला. आतल्या बाजूचा डाग बोटानं चोळला. तो सुटत होता.

चीक गार पाण्यात सुटत नाही. गार पाण्यात सुटतं ते रक्त.

ती बादलीसमोर तशीच बसून राहिली. सासूची पाळी बंद झाल्याचं तिला माहीत होतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात द्रौपदाबाई हसून म्हणाल्या होत्या, "मी सुटली त्यातून. आता तुही पाळी."

संध्याकाळी द्रौपदाबाई परतल्या. दोरीवर आपले कपडे पाहून कडाडल्या, "काय व, कोनं धुतले हे?"

"मी. आई, परकरावरचा डाग निघाला."

"निघाला त चांगलं झालं. साबन चांगली असंल."

"साबण लावलाच नव्हता. आई, तो चीक नव्हता."

समीक्षाला वाटलं होतं, सासू लाजेल, चिडेल. झालं भलतंच. द्रौपदाबाई पदराआड हसल्या आणि तिला जवळ ओढून हळूच म्हणाल्या, "आता तुहापासून काय लपवू? मले पाळी परत आली! टोळीतल्या बायांले भजी चारली मी. बेबाबाई म्हने, 'आक्का, तुले त जवानी परत आली.' सुमनबाई माह्यापेक्षा ल्हान, तरी सुकून गेली. आपलं अंग अजून ताकदीचं हाये!"

भजी! ज्या गोष्टीनं समीक्षा दिवसभर काळजीत होती, तिची टोळीनं मेजवानी केली होती!

"बंद कधी झाली होती, आई?"

"राजदीपले नोकरी लागली त्याच साली. लई वर्सं झाली."

"मग ही पाळी नाही." समीक्षानं सासूचा हात हातात घेतला. "बाईच्या अंडाशयात बीजं असतात. ती संपत आली की पाळी थांबते. एकदा वर्षभर आली नाही म्हणजे ती कायमची गेली. त्यानंतर रक्ताचा एक थेंब जरी दिसला, तरी डॉक्टरला दाखवायचं. दुखत नसलं तरी."

द्रौपदाबाईंचं हसू मावळलं. "म्हंजे मले रोग झाला म्हनती तू?"

"तसं नाही. पुष्कळदा कारण साधं असतं. या वयात आतली कातडी पातळ, कोरडी होते, तिथून रक्त येतं. कधी लहानशी गाठ असते. पण कधी कधी गर्भाशयाचा कर्करोगही असतो, आणि तो वेळेत कळला तर बरा होतो. यातलं काय आहे ते तपासल्याशिवाय कोण सांगणार?"

"मी नही तपासत." द्रौपदाबाई उठल्या. "राजदीप घरात झाला. आजवर कोन्या डाक्टरले मी अंग दाखोलं नही. आन् आता, नातू खेळवायच्या वयात? लोक काय म्हनतीन? आन् राजदीपले सांगशीन त पाह्यजो!"

पुढचे काही दिवस घरात बोलणं मोजकंच झालं. काढणीचे दिवस होते. द्रौपदाबाई पहाटे निघायच्या आणि दिवेलागणीला यायच्या. परकर पुन्हा गोणपाटाखाली गेला. समीक्षा शाळेत मुलींना प्रजननसंस्थेचा धडा शिकवत होती. फळ्यावर गर्भाशयाची आकृती काढताना तिला वाटलं, हे मी साऱ्या वर्गाला सांगते आणि माझ्याच घरात हरते!

त्या शनिवारी द्रौपदाबाई आल्या त्या मालकावर वैतागूनच. करप्याचा ठिपका दाखवला, तर तो म्हणाला, 'आठ दिवस पाहू.' "आठ दिवसांत अख्खी बाग जाईन!" त्या ओसरीवर बसून तणतणल्या. "मी त ते पानच कापून त्याच्या हातात देलं. म्हटलं, ठिपका दिसला का थांबायचं नसते, भाऊ!"

समीक्षा चहा घेऊन आली होती. तिनं कप खाली ठेवला.

"आई, मग स्वतःच्या ठिपक्यासाठी तुम्ही किती दिवस थांबणार?"

द्रौपदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. तेव्हाच कोपऱ्यातून सुपडूनानांचा आवाज आला. समीक्षाचे सासरे, मुळातच अबोल. दोघींना वाटलं होतं, ते रेडिओ ऐकताहेत.

"मी तो डाग पाह्यला व्हता," नाना म्हणाले.

"कव्हा?" द्रौपदाबाई दचकल्या.

"लई दिवस झाले. मले चीक अन् रगत वळखू येत नही का? पन म्हटलं, बाईमानसाचं हाये, इचारू कसं?" त्यांनी रेडिओ बंद केला. "तुह्या पायात काटा रुतला त मी दातानं काढतो. आन् हे इचाराची मले लाज वाटली! तुले काई झालं असतं त त्या लाजेचं मी काय केलं असतं?"

चहा गार झाला. मग द्रौपदाबाई उठता उठता म्हणाल्या, "सोमवारी जाऊ. पन टोळीले सांगजा, मी एरंडोलले बहिनीकडे गेली."

राजदीपला समीक्षानं सासूदेखतच सांगितलं. तो क्षणभर गांगरला, मग म्हणाला, "मीपण येतो. रजा टाकतो."

जळगावच्या दवाखान्यात डॉ. किरण चौधरी मध्यमवयीन, बोलक्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, "काय त्रास आहे, मावशी?"

"खालून जाते."

"खालून म्हणजे कुठून? लघवीच्या जागेतून, शौचाच्या की योनीतून?"

द्रौपदाबाईंनी पदर तोंडावर घेतला. "बाई, हे काय बोलता!"

"नाव घेतलं!" डॉक्टर हसल्या. "नाकाला नाक म्हणतो, कानाला कान म्हणतो. जिथून आपण सगळे जगात आलो, त्या जागेलाच नाव नाही? मावशी, नाव नसलं की माणूस तक्रारही सांगू शकत नाही. माझ्याकडे बाया येतात, निम्मा वेळ 'खाली, तिथं, आत' यातच जातो. म्हणा बरं, योनी."

द्रौपदाबाईंनी समीक्षाकडे पाहिलं. समीक्षानं मान हलवली.

"योनी," त्या पुटपुटल्या आणि काय आश्चर्य, छत काही कोसळलं नाही!

तपासणीच्या वेळी समीक्षा त्यांचा हात धरून उभी होती. मग सोनोग्राफी झाली. गर्भाशयाचं अस्तर जाड दिसलं, म्हणून त्याचा छोटा तुकडा तपासायला पाठवला. अहवाल यायला काही दिवस लागले. त्या दिवसांत नानांनी रेडिओ एकदाही लावला नाही.

अहवालात कर्करोग होता. पण अगदी सुरुवातीचा, गर्भाशयाच्या अस्तरापुरता. डॉक्टरांनी नानांना आणि राजदीपलाही समोर बसवून सांगितलं, "पिशवी काढावी लागेल. तपासणीत तो बाहेर पसरलेला दिसत नाही. मावशींनी टोळीच्या भजीचं सांगितलंय मला. आणखी वर्षभर 'जवानी परत आली' म्हणून भजी खाल्ली असती, तर मी हे म्हणू शकले नसते."

ऑपरेशन झालं. काढलेल्या गर्भाशयाचा अहवालही तेच म्हणाला. पुढे इतर उपचारांची गरज नव्हती, फक्त ठरल्या वेळी तपासणीला यायचं होतं. घरी निघताना नाना दारात घुटमळले. डॉक्टरांनी ओळखलं. "विचारा, नाना."

"हिले आता... म्हंजे आमी दोघं..." नानांचे कान लाल झाले.

"जखम भरू द्या. मी तपासून सांगेन. मग नवरा-बायकोनं पूर्वीसारखं राहायला काही हरकत नाही. कोरडेपणा वाटला, दुखलं तर सहन करायचं नाही, त्यावर औषध असतं. पिशवी काढली म्हणजे बाईपण काढलं असं नाही."

"ऐकलं का?" बाहेर आल्यावर द्रौपदाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "या वयात काय इचारता!" पण बोलताना त्या हसत होत्या.

ठरलेली विश्रांती संपली, डॉक्टरांनी कामाची परवानगी दिली, आणि द्रौपदाबाई पुन्हा बागेत गेल्या. तो रविवार होता. त्यांनी मुद्दाम समीक्षालाही सोबत नेलं. दुपारी भाकरीची फडकी सोडून सगळ्या केळीच्या सावलीत बसल्या. बेबाबाईंनी सुरुवात केलीच, "काय आक्का, बहिनीकडे लई दिवस राह्यली! जवानी आली का एरंडोलले सोडून?"

बाया हसल्या. द्रौपदाबाईंनी भाकरीचा घास खाली ठेवला.

"मी एरंडोलले गेलीच नव्हती. जळगावले व्हती, दवाखान्यात. ते पाळी नव्हती, बेबा. माह्या गर्भाशयात कॅन्सर व्हता. पिशवी काढली."

हसू जागच्या जागी थांबलं. बेबाबाईंचा चेहरा उतरला. "आक्का... मी त भजी मांगितली तुले..."

"तू मांगितली, मी चारली. दोघी बी येड्या. पन माही सून येडी नव्हती!" द्रौपदाबाईंनी समीक्षाच्या पाठीवर थाप मारली. "नुसत्या पान्यात परकर भिजोला आन् माहा जीव वाचोला हिनं! इचारा हिले काय इचारायचं ते. आन् 'खालचं, तिथलं' नही म्हनायचं. योनी म्हना, गर्भाशय म्हना. मी म्हनते, अजून जिती हाये!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग ताईबाई, सगळ्यांत तरुण, मान खाली घालून म्हणाली, "मले पांढरं जाते. रोजच."

"वास येतो? खाज?" समीक्षानं विचारलं. "नाही? मग घाबरू नको. थोडं पातळ, पांढरं पाणी जाणं हे योनीचं स्वतःला साफ ठेवण्याचं काम आहे. दह्यासारख्या गुठळ्या, हिरवट रंग, घाण वास, खाज, रक्त, यातलं काही दिसलं तर मात्र दाखवायचं."

"मी तुरटीच्या पान्यानं आतून धुते," सुमनबाई म्हणाल्या. "मंग त चांगलं ना?"

"नाही, मावशी. आत उपयोगी जंतू असतात, ते आम्ल तयार करून वाईट जंतूंना अडवतात. तुरटी, साबण, जंतुनाशक आत गेलं की आपलेच राखणदार मरतात. बाहेरून साधं पाणी पुरे."

"आन् औषीद घेतलं तरी परत परत खाज येते, त?" मागून कुणीतरी विचारलं.

"त्याची कारणं बरीच. कधी साखरेचा आजार असतो. काही आजार नवऱ्याकडून येतात, तेव्हा दोघांनी औषध घ्यावं लागतं."

"माहा नवरा घेईन औषीद? तो त तापाचीबी गोळी घेत नही!" आणि सगळ्या पुन्हा हसल्या. पण हे हसणं आता लपवण्याचं नव्हतं.

हसणं ओसरल्यावर बेबाबाई सरकत समीक्षाजवळ आल्या. "पोरी, मलेबी... संबंधानंतर कधी कधी परकरावर लालसर डाग दिसते. चीकच म्हनून सोडून देलं मी."

समीक्षा उत्तर देणार, तोच द्रौपदाबाई म्हणाल्या, "उद्या जळगावची एसटी. मी येते तुह्यासंग."

त्या दिवशी घरी परतताना द्रौपदाबाईंनी यावलच्या बाजारात एक खरेदी केली. दुसऱ्या आठवड्यात गल्लीनं एक नवल पाहिलं. तायड्यांच्या दारात, ऐन रस्त्यावर, लख्ख उन्हात पांढरा परकर वाळत होता! शेजारच्या झुलालनानांनी कपाळाला आठ्या घातल्या. "सुपडू, बाईमानसाचे कपडे असे दारात?"

सुपडूनानांनी रेडिओचा आवाज कमी केला. "डाग दिसला पाहिजे म्हनून पांढरा. आन् ऊन लागलं पाहिजे म्हनून दारात. तुले लाज वाटत असंल त तू मागच्या रस्त्यानं जा."

आता त्या टोळीतल्या सगळ्या बायांच्या वरच्या कपड्यांवर चिकाचे काळे डाग असतात आणि आत पांढरा परकर असतो. बेबाबाईंच्या गर्भाशयाच्या तोंडाशी साधी गाठ निघाली, ती काढली. त्यांनी परत येऊन टोळीला भजी चारली. या वेळची भजी मात्र योग्य कारणासाठी होती!

वाचकहो, आपल्या घरातही असा एखादा गोणपाट असेल. त्याखाली आई, बहीण, बायको काहीतरी वाळत घालत असेल आणि आपण सगळे त्याला चीक समजून गप्प बसलो असू. गोणपाट उचला. विचारा. शरीराच्या कोणत्याही भागाचं नाव घेताना मान खाली घालायची गरज नाही. कष्टाचे डाग अभिमानानं मिरवावेत, आणि आजाराचे डाग तितक्याच अभिमानानं डॉक्टरला दाखवावेत.