भेगेवरची चुन्याची पट्टी

मित्रांनो, मी बुखाऱ्यातल्या एका जुन्या मदरशाची कमान आहे. आता अर्धीच उरले आहे.

गवंड्यांनी आधी पायात बोरूचे थर अंथरले, भूकंपाचा धक्का त्यांत जिरावा म्हणून. त्यावर भाजक्या विटा रचल्या आणि निळ्या फरश्या बसवल्या. चौकाच्या चारी बाजूंना आम्ही चार कमानी, मधे विद्यार्थ्यांच्या दुमजली खोल्या. माझ्या सावलीत व्याकरण, गणित, ताऱ्यांची गती शिकवली जाई. प्रवासी मान वर करून माझी तारीफ करत. पुढे राजे बदलले. फरश्या गळू लागल्या, तरी कोणी वर पाहीना.

एका शरदात जमीन हादरली आणि माझ्या माथ्याला भेग पडली. माझ्याखाली व्याकरण शिकवणारे उस्ताद फसीहुद्दीन शिडीवर चढले. त्यांनी भेगेवर चुन्याची आडवी पट्टी ओढली.

"ही तडकली, तर भेग वाढतेय असं समजा," ते विद्यार्थ्यांना म्हणाले.

कडक थंडीत चुना धरत नाही, म्हणून दुरुस्ती वसंतावर गेली. चौकात बर्फ साचलं होतं. वर्ग माझ्याखालीच भरत राहिला.

तो हिवाळा मी जीव मुठीत धरून काढला. पडले असते तर कुणावर, या विचारानं माझी वीट न् वीट आखडायची. उस्तादही घाबरलेले. रोज आधी वर बघत, मग हसून म्हणत, "बसा."

एके दुपारी कडक ऊन पडलं. माथ्यावरचं बर्फ वितळून पाणी भेगेत शिरलं, आणि पट्टी तडकली. उस्ताद वाचण्यात गढलेले. मला ओरडता येत नाही. पुस्तकावर धूळ पडली, ती त्यांनी फुंकरीनं उडवली. मग माझी एक फरशी सुटून त्यांच्या गुडघ्यापाशी फुटली.

"उस्ताद, कमानसुद्धा कंटाळली आपल्या व्याकरणाला," तोश्मत नावाचा विद्यार्थी म्हणाला.

कोणी हसलं नाही. उस्तादांनी वर पाहिलं.

"पुस्तकं राहू द्या. उठा, चौकात चला," ते हळूच म्हणाले.

"जोडे तरी घेऊ द्या," तोश्मत म्हणाला.

"अनवाणी चल, बाबा."

सर्वांत शेवटी उस्ताद बाहेर पडले, आणि माझं अर्धं अंग कोसळलं. धुरळ्यात ते एकेकाचं नाव घेऊन हाका मारत होते. सगळ्यांनी ओ दिली. तोश्मतची ओ सर्वांत उशिरा आली. तोवर उस्ताद बर्फात गुडघ्यांवर बसले होते.

माझं पडलेलं अंग पुन्हा कोणी उभारलं नाही. मित्रांनो, जुन्या वास्तूचं कौतुक जरूर करा, पण तिला वेळेवर टेकूही द्या. गेल्या हिवाळ्यापासून मी बाहेर कलते आहे. आत्ता माझ्या पायाशी दोन मुली नान मोडून खात बसल्या आहेत. कोणीतरी त्यांना हाक मारा.